पॅनेलचं काम पूर्ण, ४,६८,००० अडकलेत – वसुली कुठल्या क्रमाने करावी?

भोसरी_वायरमन | २२ नोव्हेंबर २०२५

तपशील आधीच देतो, म्हणजे उलटतपासणी कमी होईल.

काम: जुन्या मशीनच्या कंट्रोल पॅनेलचं रेट्रोफिटिंग, पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक संगणक) प्रोग्रॅम आणि कमिशनिंग (मशीन चालू करून देणं). पार्टी प्रायव्हेट लिमिटेड, कारखाना गुजरातेत. कमिशनिंग रिपोर्टवर त्यांच्या मेंटेनन्स मॅनेजरची सही आहे, ६ जून २०२५ ची. बिल १० जूनचं: ४,००,००० अधिक आयजीएसटी ७२,०००. टीडीएस १ टक्का, म्हणजे ४,००० वजा जाता येणं ४,६८,०००. पीओवर (त्यांच्या खरेदी ऑर्डरवर) 'पेमेंट ६० दिवस' आणि 'वाद सूरत न्यायालयाच्या अधीन' असं छापलंय. कामाबद्दल लेखी तक्रार एकही नाही. फोनवर 'पुढच्या आठवड्यात बघतो'.

आमच्या बाजूला प्रोप्रायटरशिप, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) २०२३ ची, वर्ग सूक्ष्म. पार्टीकडून पुढेही काम येऊ शकतं, म्हणून पहिल्याच दमात वकिलाची नोटीस नको वाटते. क्रम काय असावा?

खतावणी | २२ नोव्हेंबर

आधी बिल कोणत्या टेबलावर बसलंय ते शोधा. थकलेल्या बिलांत दोन जाती असतात: पैसे द्यायचे नाहीत म्हणून थकलेलं आणि कागद जुळत नाही म्हणून थकलेलं. दुसऱ्या जातीला नोटीस पाठवली तर महिनाभर फुकट भांडण होतं.

मोठ्या पार्टीकडे पीओ, स्टोअरची किंवा खात्याची पोच आणि बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय पेमेंट सुटत नाही. मालाला जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) लागतो, सेवेला सर्व्हिस एन्ट्री (काम झाल्याची नोंद). तुमच्या कामात माल आणि सेवा दोन्ही आहेत, नेमकं तिथंच घोडं अडतं. पॅनेलचे भाग गेटमधून आत गेले, जीआरएन झाला. पण कमिशनिंगची सर्व्हिस एन्ट्री मेंटेनन्सवाल्यांनी करायची होती आणि सही करून ते विसरले. अकाउंट्सला बिल दिसतं, पण 'ब्लॉक' लागलेलं दिसतं.

म्हणून 'पेमेंट कधी?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'पुढच्या आठवड्यात' हेच असतं. अकाउंट्समधल्या माणसाला हे विचारा:
– बिल बुक झालंय का, कोणत्या तारखेला, डॉक्युमेंट नंबर काय?
– सर्व्हिस एन्ट्री झाली का? नसेल तर कोणाकडे पेंडिंग आहे?
– सिस्टिममध्ये ड्यू डेट काय दिसते? पेमेंट ब्लॉक आहे का?
– पेमेंट रन (एकगठ्ठा पेमेंट) महिन्यातून कोणत्या तारखांना लागतो?

उत्तर फोनवर मिळालं तरी त्याच दिवशी 'आज झालेल्या बोलण्यानुसार' असा मेल टाकायचा.

घरबसल्या करायच्या दोन तपासण्या. पहिली, २६एएस (आपल्या नावावर जमा टीडीएसचा प्राप्तिकर खात्याचा उतारा) उघडा. टीडीएस खर्ची टाकताना किंवा पैसे देताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. पैसे न मिळता तुमच्या नावावर ४,००० दिसत असतील, तर त्यांनी बिल पुस्तकात घेतलंय. 'बिल मिळालंच नाही' हा बहाणा संपला. दुसरी, जूनच्या जीएसटीआर-१ मध्ये (आपल्या विक्रीच्या विवरणात) त्यांचा जीएसटी नंबर, बिल नंबर आणि रक्कम बरोबर गेली का ते पाहा. तिथं चूक असेल तर त्यांच्या २बी मध्ये (खरेदीवरच्या जीएसटी क्रेडिटच्या यादीत) बिल येतच नाही, आणि क्रेडिट दिसत नाही म्हणून अकाउंट्सवाले पेमेंट रोखून धरतात. ही चूक सर्रास होते आणि दोष पार्टीला दिला जातो.

रोकडा_सौदा | २२ नोव्हेंबर

एवढं कशाला? मशीनचा प्रोग्रॅम तुमच्या हातात आहे. रिमोटने लॉक मारा, दोन तासांत पैसे येतील.

तालुका_वकील | २२ नोव्हेंबर

हे चुकूनही करू नका. पार्टीच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणं, ती बंद पाडणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं. वर उत्पादन बंद पडल्याच्या नुकसानीचा प्रतिदावा येईल आणि ४ लाखांचं येणं बाजूला राहून तुम्हीच देणेकरी व्हाल. प्रोग्रॅममध्ये आधीच 'टायमर बॉम्ब' ठेवणाऱ्यांनाही हेच लागू.

वैध मार्ग कोटेशनच्या वेळी असतो: 'सोर्स प्रोग्रॅमचा बॅकअप व पासवर्ड पूर्ण रक्कम मिळाल्यावर' ही ओळ कोटेशनमध्ये आणि पीओच्या स्वीकृतीत. मशीन चालू राहतं, पण बदल करायला तुमच्याकडेच यावं लागतं.

जॉबवर्कवाल्यांचा हात याहून बळकट. ज्या मालावर मेहनत केली तो आपल्या ताब्यात असेपर्यंत मजुरीसाठी अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने दिलाय. माल गेटबाहेर गेला की हक्क गेला. आणि तो त्याच मालाच्या मजुरीपुरता. मागच्या लॉटच्या उधारीसाठी हा लॉट अडवता येत नाही.

भोसरी_वायरमन | २२ नोव्हेंबर

लॉक वगैरे करणार नाहीच. २६एएस पाहिलं: टीडीएस दिसतोय, क्रेडिटची तारीख ३० जून. जीएसटीआर-१ बरोबर आहे. म्हणजे बिल बुक आहे.

मग ६० दिवस ऑगस्टमध्ये संपले असं धरायचं ना?

तालुका_वकील | २२ नोव्हेंबर

नाही, त्याच्याही आधी. एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा) २००६, कलम १५: लेखी करारात काहीही मुदत असली तरी स्वीकृतीपासून ४५ दिवसांपुढे जाता येत नाही. पीओवरचे ६० दिवस ४५ वरच थांबतात. लेखी मुदतच ठरलेली नसेल तर १५ दिवस. 'एमएसएमई म्हणजे ४५ दिवस' असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे.

दिवस मोजायचे ते बिलाच्या तारखेपासून नाही, माल पोचल्याच्या किंवा सेवा पूर्ण झाल्याच्या दिवसापासून. १५ दिवसांत लेखी हरकत आली तर ती दूर केल्याचा दिवस धरतात. तुमच्याकडे हरकत नाही, म्हणून ६ जून हीच स्वीकृती. ४५ दिवस २१ जुलैला संपले, व्याज २२ जुलैपासून.

व्याज कलम १६ चं: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. रेपो रेट नव्हे, बँक रेट. २२ जुलैपासून आजवर तो ५.७५ टक्के होता, म्हणजे १७.२५ टक्के.

खतावणी | २२ नोव्हेंबर

आकडा मांडून देतो. महिन्याचा दर १.४३७५ टक्के. ४,६८,००० वर पहिल्या महिन्याचे ६,७२७.५०. २२ जुलै ते २१ नोव्हेंबर या चार महिन्यांचं चक्रवाढ व्याज २७,४९६ रुपये. मधे बँक रेट बदलला तर तिथून दर तोडून मांडा. एक्सेल साधं ठेवा: महिना, सुरुवातीची बाकी, दर, व्याज, अखेरची बाकी.

हे व्याज आत्ता मागू नका, फक्त 'हक्क राखून ठेवत आहोत' असं लिहा. तडजोडीच्या वेळी सोडायला काहीतरी हातात लागतं.

चाकण_परचेस | २३ नोव्हेंबर

टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. कंपनीत पैसे कमी असतात तेव्हा बिलांची रांग लागते, आणि रांग ठरते ती 'नाही दिले तर काय अडेल' यावर. वीज, पगार, बँकेचा हप्ता, ज्याच्या मालाशिवाय लाइन थांबते तो सप्लायर, आणि मग उरलेले. काम संपवून निघून गेलेला ठेकेदार सगळ्यात शेवटी. रोज फोन केल्याने रांग बदलत नाही. ती बदलते फायनान्स हेडला तारीख दिसली की.

या प्रकरणात तारखा अशा:

७ डिसेंबर २०२५. बिलाला १८० दिवस पूर्ण. तोवर पैसे दिले नाहीत तर घेतलेलं ७२,००० चं इनपुट क्रेडिट पार्टीला व्याजासह उलटवावं लागतं. नंतर पैसे दिल्यावर क्रेडिट परत घेता येतं, पण भरलेलं व्याज गेलं ते गेलं. तुमच्या हातातली आजची सगळ्यात जवळची कळ हीच.

३१ ऑक्टोबर, होऊन गेली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची ४५ दिवसांवरची देणी कंपन्यांना दर सहामाहीला एमएसएमई फॉर्म १ मध्ये कंपनी निबंधकाकडे दाखवावी लागतात. एप्रिल ते सप्टेंबरचा फॉर्म ऑक्टोबरअखेर जातो. 'आमची रक्कम त्यात दाखवलीत का?' एवढा एक प्रश्न कंपनी सेक्रेटरीला सीसी ठेवून विचारा. या प्रश्नाला 'पुढच्या आठवड्यात' असं उत्तर देता येत नाही.

३१ मार्च २०२६. प्राप्तिकराच्या ४३बी(एच) नुसार मुदत उलटलेली रक्कम वर्षअखेर बाकी असेल तर त्या वर्षीचा खर्च म्हणून मिळत नाही, प्रत्यक्ष देतील त्या वर्षी मिळतो. हे सगळ्यांना पाठ झालंय, म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पेमेंटं धडाधड सुटतात. पण तोवर थांबण्यात तुमचे चार महिने जातात.

आणि एक. तुमचं उद्यम प्रमाणपत्र त्यांच्या व्हेंडर मास्टरमध्ये चढलंय का? नसेल तर त्यांच्या सिस्टिमला तुम्ही एमएसएमई आहात हेच माहीत नाही. बिलावर उद्यम नंबर आणि 'सूक्ष्म' हा शब्द छापा, प्रमाणपत्र मेलने वेगळं पाठवा.

भोसरी_वायरमन | २३ नोव्हेंबर

प्रमाणपत्र पाठवलेलं नव्हतं. आज पाठवतो. मेलचा मसुदा कोणी देईल का? धमकीही वाटू नये आणि पुचाटही नको.

खतावणी | २३ नोव्हेंबर

घ्या. पार्टी गुजरातेतली, तेव्हा इंग्रजीत करून पाठवालच. मुद्दे आणि क्रम हाच ठेवा.

'विषय: बिल क्र. __, दि. १० जून २०२५, थकीत रु. ४,६८,०००.
पीओ क्र. __ नुसार काम पूर्ण होऊन ६ जून २०२५ रोजी कमिशनिंग रिपोर्टवर आपली सही झाली (प्रत जोडली आहे). या बिलावरील टीडीएस आपण ३० जून रोजी दाखवला आहे. एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ नुसार देय मुदत २१ जुलै रोजी संपली. ७ डिसेंबर रोजी बिलाला १८० दिवस पूर्ण होत असून आपल्या इनपुट क्रेडिटच्या दृष्टीने त्यापूर्वी भरणा होणे सोयीचे ठरेल. कृपया ३ डिसेंबरपर्यंत आरटीजीएस करून यूटीआर (व्यवहार क्रमांक) कळवावा. रकमेबाबत हरकत असल्यास ती याच मेलवर लेखी कळवावी. कलम १६ च्या व्याजाचा हक्क राखून ठेवला आहे.'

सोबत एकाच पीडीएफमध्ये पीओ, बिल, सही असलेला रिपोर्ट, खातेउतारा, उद्यम प्रमाणपत्र आणि बँकेचा रद्द केलेला चेक. सहा मेलांत सहा अटॅचमेंट पाठवल्या की अकाउंट्सवाला एक हरवलेली शोधून तीच मागतो.

मेल जाईल अकाउंट्सला, परचेसला आणि ज्याने सही केली त्या मॅनेजरला. डायरेक्टरला पहिल्या मेलमध्ये घेऊ नका, तो पत्ता दुसऱ्या मेलसाठी राखा.

शिलकी_बाकी | २३ नोव्हेंबर

'हरकत असल्यास लेखी कळवा' ही ओळ काढून टाका. आपणच त्यांना तक्रार सुचवतोय.

तालुका_वकील | २३ नोव्हेंबर

राहू द्या. तक्रार असेल तर आत्ता कळलेली बरी. पाच महिने गप्प बसून नोटीस मिळाल्यावर 'काम सदोष होतं' म्हणणाऱ्याची बाजू या ओळीमुळेच लंगडी पडते. मात्र १५ दिवसांत हरकत घेतली नाही म्हणजे दर्जाबद्दल बोलायचा हक्क संपला, असंही नाही. प्रकरण लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे गेलं तर तिथं पार्टीला प्रतिदावा करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज निकालात सांगितलंय. म्हणून ट्रायलचे फोटो, अलार्म लॉग, प्रोग्रॅमची तारखेसह प्रत जपून ठेवा.

व्हॉट्सअॅपवरच्या कबुल्याही जपा, पण नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, फोन बदलताना जुना विकू नका.

उधारी_बंद | २४ नोव्हेंबर

३ डिसेंबरलाही पैसे आले नाहीत तर पुढचे दरवाजे कोणते? सगळे एकाच वेळी ठोठवावेत का?

तालुका_वकील | २४ नोव्हेंबर

एक धरा. सगळे ठोठावले की समोरचा वकील एका ठिकाणचं उत्तर दुसरीकडे वापरतो.

या प्रकरणाला सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद. अर्ज ऑनलाइन, उद्यम नंबरावरून. कलम १८(४) मुळे पुरवठादार जिथला त्या भागातल्या परिषदेकडे प्रकरण चालतं, पार्टी भारतात कुठेही असो. पीओवरचं 'सूरत न्यायालय' इथं आड येत नाही. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला त्याविरुद्ध जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते (कलम १९). परिषदेचा खरा दात हाच. निकालासाठी कायद्यात ९० दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात तेवढ्यात संपेल असं धरून कर्जाचा हप्ता ठरवू नका.

अडतं कुठं ते पाहून घ्या:

उद्यम नोंदणी कामाच्या आधीची हवी. कामानंतर काढलेल्या नोंदणीवर मागचं येणं वसूल होत नाही, असं सिल्पी आणि २०२२ च्या महाकाली फूड्स निकालात आहे. जानेवारी २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेलाय, पण त्या भरवशावर राहू नका. तुमची २०२३ ची, चिंता नाही.

नुसते व्यापारी असाल तर हे दार बंद. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. मध्यम उद्योगांनाही नाही.

वर्क्स कॉन्ट्रॅक्ट. बांधकाम, इमारतीचं वायरिंग अशा एकत्रित ठेक्यांवर हा कायदा लागत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. तुमच्या कामावरही हा आक्षेप येऊ शकतो. पीओवर पॅनेलचं साहित्य आणि प्रोग्रॅमिंग-कमिशनिंगची सेवा वेगळ्या ओळींत असेल तर उत्तर देणं सोपं.

मुदत. तीन वर्षांनी येणं कालबाह्य होतं. जुलै २०२५ च्या सोनाली पॉवर निकालानुसार जुनं येणं समेटापुरतं परिषदेत नेता येतं, लवादात मुदतीचा कायदा लागतो. म्हणून दर मार्चला बाकी कबूल असल्याचं पत्र पार्टीच्या सहीनिशी घ्या. मुदत संपायच्या आत सही झाली तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं. मुदत संपल्यावर घेतलेल्या सहीने मुदतीच्या कायद्याखाली काही वाढत नाही.

चाकण_परचेस | २४ नोव्हेंबर

परिषदेत अर्ज केला की त्या कंपनीतून पुढचं काम येईल ही आशा सोडा, एवढं जमेस धरून करा. व्हेंडर कोड ब्लॉक होतो.

उधारी_बंद | २४ नोव्हेंबर

पाच महिने आपले पैसे फुकट वापरणाऱ्याकडून पुढचं काम हवंय कशाला? असो. ज्यांच्याकडे उद्यम नाही त्यांचं काय? आणि चेक दिलेला असेल तर?

तालुका_वकील | २४ नोव्हेंबर

उद्यम नसेल तर दिवाणी दावा. रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल तर व्यावसायिक न्यायालय, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ ची मध्यस्थी सक्तीची. ती न करता दाखल केलेला दावा फेटाळला जातो. तो काळ मुदतीतून वगळतात. लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ चा समरी (झटपट) दावा: प्रतिवादीला १० दिवसांत हजर व्हावं लागतं, बचावासाठी कोर्टाची परवानगी लागते. नुसत्या बिलावर समरी दावा टिकवायला त्रास होतो, सही-शिक्क्याची पीओ सोबत हवी. हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावून पार्टीचं खातं किंवा मालमत्ता जप्त करावी लागते. म्हणून त्यांच्या बँक खात्याचा नंबर आजच टिपून ठेवा. जुन्या आरटीजीएसच्या नोंदीत किंवा चेकवर मिळेल.

चेक असेल तर चेक न वटल्याचं कलम १३८ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा), आणि त्यात तारखाच सगळं ठरवतात. चेक ३ महिन्यांत टाकायचा. परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस त्यांना. ते संपल्यावर एक महिन्यात तक्रार, आपल्या खात्याच्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात. नोटिशीत चेकची रक्कम जशीच्या तशी मागा. व्याज, वकील फी मिसळून मोठा आकडा लिहिला की नोटीस बाद होण्याचा धोका. चेक घेतल्यानंतर काही रक्कम आली असेल तर ती चेकवर नोंदवल्याशिवाय पूर्ण रकमेचा चेक टाकू नका. 'स्टॉप पेमेंट' आणि 'खातं बंद' हेही १३८ मध्ये येतात.

१ कोटीच्या आत दिवाळखोरी न्यायाधिकरणाची धमकी देऊ नका, उंबरठाच तेवढा आहे. आणि पोलीस ठाणं तर नकोच. बिल थकवणं म्हणजे फसवणूक नव्हे. काम देतानाच पैसे द्यायचे नव्हते हे दाखवता आलं तरच.

भोसरी_वायरमन | २४ नोव्हेंबर

मेल गेला. अकाउंट्सकडून उत्तर: सर्व्हिस एन्ट्री खरंच पेंडिंग होती, आज झाली. आता परचेस म्हणतंय, ४,५०,००० वर मिटवा आणि 'नो ड्यूज' सही करून द्या, ५ डिसेंबरच्या रनमध्ये घालतो. १८,००० सोडावेत का?

खतावणी | २४ नोव्हेंबर

सोडायचे तर समजून सोडा. जीएसटी तुम्ही ७२,००० पूर्ण भरलाय. बिल बुडालं किंवा तडजोडीत सोडलं म्हणून जीएसटी परत मिळत नाही. क्रेडिट नोट माल परत, सेवेत उणीव, जादा आकारणी अशा कारणांसाठी असते. त्यांनी पाठवलेल्या डेबिट नोटवर 'सेवेत उणीव' लिहिलेलं असेल तर सही करू नका, वॉरंटीच्या भांडणात तोच कागद पुढे येईल. १८,००० बुडीत म्हणून खर्ची टाकता येतील, इतकंच.

त्यांचं ७ डिसेंबरचं घड्याळ तुमच्यापेक्षा त्यांना जास्त टोचतंय. उत्तर द्या: मुद्दल पूर्ण ४,६८,०००, ५ तारखेला मिळालं तर आजवरचं व्याज सोडतो. सत्तावीस हजारांवर सोडताय, म्हणजे परचेसलाही वर दाखवायला काहीतरी मिळतं. व्याज घ्यायचंच ठरलं तर लक्षात ठेवा, त्यावरही जीएसटी लागतो, रक्कम हातात पडेल त्या महिन्यात.

तालुका_वकील | २४ नोव्हेंबर

'नो ड्यूज' रक्कम खात्यात जमा झाल्यावर द्यायचं, आधी नाही. त्यात 'बिल क्र. __ पुरते' हे शब्द आणि यूटीआर नंबर लिहा, कोरं 'कोणतेही येणे नाही' नको. आणि फक्त ४,५०,००० येऊन पडले तर त्याच दिवशी मेल करा: 'रक्कम बिलापोटी अंशतः जमा, बाकी १८,००० व व्याजाचा हक्क कायम.' गप्प बसलात तर ते पूर्ण व अंतिम म्हणून वापरतील.